पोपट, घुबड आणि आमची आई

पोपट पैलवान लंगोटावर तालमीतून बाहेर पळत आला, तेव्हा गल्लीतल्या नळावर बायकांची पाण्यासाठी गर्दी होती. बायकांनी लाजून माना फिरवल्या आणि काय झालंय ते बघायला लगेच परत वळवल्या. पोपट चौगुले म्हणजे आमच्या माळेवाडीचं भूषण. दारातून आत यायचं तर खांदा तिरका करावा लागायचा. त्या वर्षीच्या जत्रेत पहिल्या नंबरची कुस्ती त्याची लागली होती. तो धापा टाकत आमच्या सोप्यावर चढला आणि थेट माझ्या आईच्या मागं जाऊन उभा राहिला. आई त्याच्या छातीलाही लागत नव्हती.

"काकी, आत काय तर बसलंय."

"कुठं?"

"मातीच्या हौदात. मधोमध."

"काय करतंय?"

पोपट आणखी मागं सरकला. "बघतंय."

आमचं घर तालमीच्या बरोबर समोर. मधे फक्त गल्ली. आबा, म्हणजे माझे वडील, त्या तालमीचे वस्ताद. मी त्यांची एकुलती लेक छाया, तेव्हा कागलच्या कॉलेजात शिकत होते. तालीम इतकी जवळ असून आई किंवा मी कधी आत पाऊल टाकलेलं नव्हतं. आत मारुती, आत लंगोटावरचे पैलवान, त्यामुळं बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, हे गावातल्या कोंबडीलासुद्धा ठाऊक होतं. कोंबडी मात्र जायची. आई रोज पहाटे, आणि संध्याकाळच्या मेहनतीआधी पुन्हा, पाट्यावर बदाम वाटायची, थंडाईची कळशी भरायची, तालमीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि माघारी यायची. थोड्या वेळानं रिकामी कळशी उंबऱ्यावर यायची, ती मी उचलून आणायची. त्या तालमीशी आमचा एवढाच व्यवहार.

पोपटच्या मागोमाग बाकीचे पैलवानही बाहेर आले. ते चालत आले, पण भरभर. शेवटी आबा स्वतः आत गेले. परत आले तेव्हा खांद्यावरचा पंचा नीट करत, मुद्दाम सावकाश.

"घुबडाचं पिल्लू आहे," ते म्हणाले. "माळ्यावरनं पडलंय."

"मग उचलून टाका की बाहेर," आई म्हणाली.

आबांनी तिच्याकडं असं बघितलं, की जणू तिनं चूल उचलून नदीवर न्यायला सांगितलंय. "ते फिस्कारतंय."

एक जण म्हणाला, जत्रा तोंडावर आणि तालमीत घुबड, हे चिन्ह बरं नाही, काठी आणतो. आबांनी त्याला तिथंच गप्प केलं. मारुतीसमोर जीव घ्यायचा नाही. मग सगळ्यांनी ठरवलं, की ते आपणहून जाईल, वाट बघू. ते काही जाईना. पैलवानांनी गल्लीतच जोर मारायला सुरुवात केली. नळावरच्या बायकांना त्या दिवशी पाणी भरायला फार वेळ लागला.

बैठका मारता मारता पोपट म्हणाला, "वस्ताद, कंडक्टरबाईला बोलवूया काय?"

कंडक्टरबाई म्हणजे मालन सुतार. आमच्या मार्गावरच्या एसटीवर असायच्या. तिकिटाच्या पेटीबरोबर त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी असायची, तिच्यात चामड्याचे हातमोजे, गोणपाट आणि हळदीची पुडी. विहिरीत पडलेलं मांजर, तारेत अडकलेलं माकड, न्हाणीघरात शिरलेली धामण, कुठंही काही झालं तरी लोक एसटीला हात करायचे. ड्यूटी संपली की बाई हजर. एक पैसा घेत नसत. पण त्यांची एक सवय होती. जनावर धरून झालं की ते हातात तसंच ठेवून त्या घराच्या दाराकडं बघायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "पाटीवर बाईंचं नाव नाही दिसत."

हातात धामण असलेल्या बाईशी वाद घालायला कुणाला सुचत नसे. अशानं त्या मार्गावरच्या बऱ्याच घरांच्या पाट्यांवर नवऱ्याच्या नावाखाली बायकोचं नाव चढलं होतं. कुठल्या घरात साप निघाला होता, हे आम्हाला पाटी वाचूनच कळायचं.

"माझ्या सासऱ्याच्या पाटीवर सासूचं नाव आधी आहे," पोपट म्हणाला. "तिथं नाग निघालेला."

"बाई आणि तालमीत?" आबा म्हणाले.

"आत कशाला? दारातनं सांगतील की. धरायचं आपण."

आबांना हे पटलं. मला स्टँडवर पिटाळलं.

एसटी आली तेव्हा मालनताई दारातच उभ्या होत्या. खाकी साडी, वेणीचा घट्ट अंबाडा, कपाळावर घाम. मी सांगितलं तसं त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणी दगड मारला नाही ना?"

"नाही."

"पाणी पाजलं नाही ना?"

"जवळच कोण गेलं नाही."

"छान. भित्रे लोक असले की जनावर सुखरूप राहतं." त्यांनी घंटीची दोरी ओढली. "दुपारी येते. आणि घर कुणाचं म्हणालीस?"

"घर नाही. तालीम आहे."

त्या हसल्या. गाडी हलली तरी हसतच होत्या.

दुपारी त्या आल्या तेव्हा गल्लीत अर्धं गाव जमलं होतं. मालनताई सरळ तालमीच्या उंबऱ्याशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. पायातल्या चपला काढल्या, पण पाय आत टाकला नाही. आबा लांबून म्हणाले, "बाई, तुम्हाला आत..."

"मला यायचंच नाही, वस्ताद. मी सांगते, तुम्ही धरा."

आबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईच्या हातात त्या वेळी संध्याकाळच्या थंडाईची कळशी होती. उंबऱ्यावर ठेवायला आली होती, पण उंबऱ्यावर मालनताई, म्हणून ती तिथंच शेजारी थांबली. मी तिच्या मागं. मान लांब केली की आतला थोडा भाग दिसायचा. तांबड्या मातीच्या मधोमध एक पांढरा कापसाचा गोळा, आणि त्या गोळ्याला पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं तोंड.

"पोपटराव, गोणपाट घ्या," मालनताई म्हणाल्या. "हळू जा. मागच्या बाजूनं. वरनं अलगद टाका आणि दोन्ही हातांत धरा. अंधार झाला की ते गप्प बसतं."

पोपट मोजे चढवायला लागला. मोजे त्याच्या पंज्यावर निम्मेच बसले. तो तसाच गेला. पिल्लानं मान पूर्ण मागं फिरवली आणि त्याच्याकडं बघितलं. पुढं बघत बसलेल्या जनावराचं तोंड असं एकदम पाठीकडं आलेलं पोपटनं उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. तो गोणपाट तिथंच टाकून आला.

दुसरा गेला. पिल्लू उताणं पडलं आणि पायाच्या नख्या वर करून फिस्कारलं. दुसराही आला.

मालनताई म्हणाल्या, "पैलवानांनो, ते उताणं पडलंय. म्हणजे कुस्ती तुम्ही जिंकलीय. आता उचला."

गल्लीत हशा पिकला. आबांना तो लागला. त्यांनी धोतराचा काचा खोचला आणि स्वतः आत गेले. पिल्लानं चोच वाजवायला सुरुवात केली, टक टक टक. आबांनी हात पुढं केला. पिल्लानं अंगठा धरला. आबा ओरडले नाहीत, पण त्यांनी हात एवढ्या जोरात झटकला की पिल्लू मातीत फरफटत गेलं आणि एका पंखावर कलंडून पडलं. ते आता फिस्कारतही नव्हतं.

मालनताईंच्या आवाजातली गंमत गेली. "बास. सगळे मागं व्हा. आता कुणी हात लावला तर ते भीतीनंच मरंल."

आबा रक्ताळलेला अंगठा पंच्यात धरून उभे होते. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती म्हणायची कुणी, हा प्रश्न होता. मालनताई उंबऱ्याशी तशाच उभ्या. आबा म्हणाले असते तर त्या आत गेल्या असत्या, असं मला वाटलं. पण आबा मारुतीकडं बघत होते.

तेवढ्यात आईनं कळशी माझ्या हातात दिली.

"धर. सांडू नको," ती म्हणाली आणि आत गेली.

ती घाईनं गेली नाही. दळण आणायला जाते तशी गेली. हौदाच्या काठावर क्षणभर थांबली, पदर सोडला आणि मातीत उतरली. मालनताई उंबऱ्यावरून हळू आवाजात बोलत होत्या, "मागनं. हां. आता पदर टाका. पंख अंगाला धरा. घट्ट नको, अंडं धरल्यासारखं." आईनं पदरात पिल्लू गुंडाळलं आणि छातीशी धरलं. पिल्लू पदरात शांत बसलं.

मला वाटलं, आता ती चटकन बाहेर येईल. पण आई तिथंच उभी राहिली. तिनं वर बघितलं, भिंतीकडं बघितलं, कोपऱ्यातल्या गदा बघितल्या, मारुतीला मान लववली. मग आबांना म्हणाली, "एवढीशीच आहे होय?"

"काय?"

"तालीम. मला वाटायचं, केवढी तरी असंल." पायाच्या अंगठ्यानं तिनं माती उकरून बघितली. "माती चांगली मऊ आहे. लंगोट धुताना एवढी मऊ लागत नाही. आणि कोळिष्टकं किती झाल्यात."

आबांनी कोळिष्टकांकडं बघितलं. सगळ्या पैलवानांनी बघितलं.

आईनं पिल्लू उंबऱ्याशी आणून दिलं. मालनताईंनी पदराच्या आतच पंख चाचपला, उघडून बघितला. मोडला नव्हता, नुसता मुरगळला होता. आम्हाला वाटलं, आता त्या ते घेऊन जातील. पण त्या म्हणाल्या, "हे परत वर ठेवायला पाहिजे. आईबाप इथंच असणार. रात्री चारा आणतील. माझ्या पिशवीत हे जगायचं नाही."

"म्हणजे घुबडं तालमीतच राहणार?" पोपट म्हणाला.

"मोठं झालं की उडून जातंय. तोवर तुमचे बदाम खाणारे उंदीर तेवढे कमी होतील."

माळ्याच्या फळ्या जुन्या होत्या. पैलवानांतला कुणीही चढला असता तर माळ्यासकट खाली आला असता. सगळ्यांनी एकमेकांच्या पोटाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी आबांकडं बघितलं. आबांनी शिडी आणली, भिंतीला लावली आणि पोपटला म्हणाले, "नीट धर."

मी पिल्लू ओढणीत बांधून वर गेले. माळ्यावर हातानं फिरवायच्या जुन्या मोडक्या लाकडी मुद्गलांच्या मागं आणखी दोन पिल्लं होती, तशीच पांढरी, तशीच चिडलेली. उंदराच्या हाडांचा उग्र वास होता. मी ओढणी सोडली. पिल्लू भावंडांत घुसलं आणि मग कुठलं आपण आणलेलं, ते मलाही कळेना. मी बराच वेळ तिथं बसून राहिले. खालून आईनं हाक मारली तेव्हा भानावर आले. आता वीस वर्षं होत आली, मी स्वतः जनावरं सोडवायला फिरते, पण असं हळहळत कुठल्या माळ्यावरून खाली उतरलेली नाही.

मालनताईंनी मोजे पिशवीत घातले, चपला घातल्या आणि सवयीनं आमच्या घराच्या दाराकडं बघितलं. तिथं पितळी पाटी होती, वस्ताद ज्ञानदेव बाबू खोत.

त्यांनी तोंड उघडायच्या आतच आबा म्हणाले, "कळलं. उद्याच घालतो. अनुसया ज्ञानदेव खोत. बास?"

"बास," मालनताई म्हणाल्या.

"पाटी राहू दे," आई म्हणाली. "मला माझं नाव ठाऊक आहे." पदरावरची माती झटकत ती आबांना म्हणाली, "मला जत्रेतली कुस्ती बघायची आहे."

आमच्याकडं कुस्तीच्या मैदानाला बायका जात नसत. मनाई कुणी केली नव्हती, पण जातही कुणी नव्हतं. पोपट काळजीनं म्हणाला, "काकी, लई गर्दी असतीया."

"लग्न झाल्यापासनं तुम्हाला पाजतेय. काय होतंय त्याचं, ते बघायला नको?"

"बघू," आबा म्हणाले.

"बघूच म्हणतेय मी."

पुढचे दिवस गावात कुजबुज होती. गावच्या पंचांतले दोघे येऊन आबांना सांगून गेले, की तालीम बाटली, गोमूत्र शिंपडून घ्या, जत्रेआधी घ्या. आबा म्हणाले, जत्रा होऊ दे. रोज आई कळशी घेऊन जायची, आबा दारापर्यंत येऊन ती हातात घ्यायचे. कळशी उंबऱ्यावर ठेवणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

जत्रेला मालनताई रजा काढून आल्या. आई, त्या आणि मी, तिघी मैदानाच्या कडेला बसलो. आमच्याभोवती पुरुषांनी एवढी जागा मोकळी सोडली, की आई पाय पसरून बसली.

मी मालनताईंना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही आत का गेला नाहीत? पिल्लू मरत होतं."

त्या शेंगा सोलत होत्या. "मी पाय उचललाच होता. तेवढ्यात तुझ्या आईनं तुला कळशी दिलेली बघितली आणि परत खाली ठेवला." त्यांनी दोन दाणे माझ्या हातावर ठेवले. "मी शिरले असते तर बाहेरची बाई घुसली, असं झालं असतं. माझी बदली मागितली असती. तिची कोण मागणार? सगळे तिच्या हातचं पिऊन वाढलेत."

आईनं ऐकलं असावं. ती मैदानाकडंच बघत होती.

पोपटची कुस्ती शेवटी लागली. समोर बेळगावकडचा एक काळासावळा पैलवान होता, पोपटच्या मानानं लहान. दोघं बराच वेळ एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहिले. लोक ओरडायला लागले. मग काय झालं ते मला नीट दिसलंच नाही. पोपट हवेत गेला आणि पाठीवर आला. समोरचे लोक उठून नाचायला लागले आणि आमच्या गावचे लोक हळूहळू आमच्या तिघींकडं वळून बघायला लागले.

गावच्या त्या दोन पंचांतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "व्हायचंच होतं. बायका तालमीत शिरल्या तेव्हाच मी सांगितलेलं. वर घुबड."

आबा आखाड्याच्या कडेला होते. पोपट अजून मातीत बसलेला. आबांनी आधी त्याला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीची माती झाडली. मग ते त्या माणसाकडं आले. आबा मोठ्यानं बोलणारे नव्हते, म्हणून आजूबाजूचे लोक गप्प झाले.

"पोपट हरला तो पाय चुकीचा टाकला म्हणून. तो पाय त्याला मी शिकवलाय. घुबडानं शिकवलेला नाही आणि माझ्या बायकोनंही नाही." आबांनी खांद्यावरचा पंचा काढला. "गोमूत्र आणलं असलं तर माझ्यावर शिंपडा. तालीम राहू दे."

त्या माणसानं कुणी आपली बाजू घेतंय का म्हणून इकडंतिकडं बघितलं. सगळ्यात आधी पोपटच म्हणाला, "खरंय वस्तादांचं. पाय माझाच चुकला."

आई उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "चला. दूध काढायचं राहिलंय."

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. आबा सोप्यावर घोंगडं टाकून बसले. हरलेल्या कुस्तीनंतर ते कुणाशी बोलत नसत. मी आणि आई चुलीपाशी होतो. बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला.

"अगं."

"काय?"

"कशी वाटली?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "काय कशी वाटली?"

"कुस्ती."

आसपासच्या गावांतले लोक कुस्तीतलं काहीबाही विचारायला आबांकडं यायचे. आबांनी कुणाला काही विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आईनं हात पुसले आणि सोप्यावर गेली. मी दाराआड राहिले.

"खरं सांगू?" आई म्हणाली.

"सांग की."

"ते दोघं एवढा वेळ गळ्यात गळा घालून उभे होते, मला वाटलं ओळखीचे आहेत."

आबा हसायचे थांबेनात. मग डोळे पुसून ते सांगायला लागले, की तसं उभं राहून समोरच्याचं वजन जोखायचं असतं, तो कुठल्या पायावर भार देतो ते कळतं. आई म्हणाली, तोंडानं सांगून मला कळायचं नाही. तेव्हा आबा उठले. साठीकडं झुकलेला माणूस, गुडघे धरत उठला. त्यांनी आईला समोर उभं केलं, तिचा एक हात आपल्या मानेवर ठेवला, तिचं मनगट कसं धरायचं ते दाखवलं. "आता मी पुढं सरकतो. माझा भार या पायावर आला की तू आतनं पाय घाल आणि ओढ. घाबरू नको, ओढ."

"पडला तर?"

"मी? माझी पाठ अजून कुणी मातीला लावलेली नाही."

"बरं," आई म्हणाली.

भाकरी करपल्याचा वास आला, पण मी हलले नाही. आबा एक पाऊल पुढं सरकले. आईनं दात आवळले, पाय घातला आणि ओढलं. आबा धप्पकन घोंगड्यावर उताणे पडले आणि तसेच पडून राहिले, छपराकडं बघत. आई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत उभी होती. थोड्या वेळानं ती खाली त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आता दुसरा शिकवा."

आबा मुद्दाम पडले की खरोखरच, हे मी दोघांनाही कधी विचारलं नाही. आबा आता नाहीत. आईला विचारता येईल, पण ती काय सांगेल ते मला ठाऊक आहे. म्हणेल, "पाठ लागली का नाही?"